कर्नाळ्याच्या वेशीवरची गुरे आणि रान

विशेष प्रतिनिधी, पनवेल

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय कुरणे आणि पशुपालक वर्ष' म्हणून जाहीर केले आहे. जगभरच्या पशुपालकांची दखल घेणाऱ्या या वर्षात पनवेलच्या आसपासच्या डोंगरउतारांवरील गुराख्यांचे काय होणार, हा प्रश्न मात्र ना विकास आराखड्यांत दिसतो, ना वनविभागाच्या फलकांवर. अभयारण्याची हद्द एका बाजूने आणि वाढते शहर दुसऱ्या बाजूने, अशा कात्रीत सापडलेल्या या माणसांचा आणि रानातील जनावरांचा एकमेकांशी नेमका संबंध काय, याचा हा आढावा.

पनवेल शहरापासून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसू लागतो. याच किल्ल्याच्या परिसरात १९६८ साली राज्यातील पहिल्या पक्षी अभयारण्यांपैकी एक साकारले. सुरुवातीला अवघ्या ४.४८ चौरस किलोमीटरचे असलेले हे अभयारण्य २००३ मध्ये १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आले. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद आहे. शिवाय भेकर, रानडुक्कर, माकड, वानर यांचा वावर असून बिबट्याचेही हे रान आहे. मुंबईकरांच्या दृष्टीने कर्नाळा म्हणजे रविवारची सहल. मात्र अभयारण्याच्या सीमेपलीकडे, माथेरानच्या पायथ्यापासून पेणच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या उतारांवर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत, धनगरवाडे आहेत आणि त्यांची गुरे आहेत. या माणसांसाठी हे रान म्हणजे चारा, पाणी आणि सरपण आहे.

बारा चौरस किलोमीटर हा आकडा ऐकायला बरा वाटला, तरी एका प्रौढ बिबट्याच्या फिरतीलाही तो अनेकदा अपुरा पडतो. महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांची हीच स्थिती आहे. काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेले रेहेकुरी २.१७ चौरस किलोमीटरचे, तर चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये राखलेले सुप्याचे मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या लहान तुकड्यांतील वन्यजीव टिकतात ते बाहेरच्या जमिनींच्या आधारावर. गायराने, वरकस जमिनी, खासगी माळ आणि राखीव वने मिळून हा बाहेरचा पट्टा बनतो, आणि तो शतकानुशतके चराईखाली राहिलेला आहे. त्यामुळे संरक्षित क्षेत्राचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्या कुंपणाबाहेर ठरते, ही बाब धोरण आखणाऱ्यांनी सर्वप्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

चराईचा जुना वाद

चराई आणि वनखाते यांच्यातील ताण आजचा नाही. १८७८ च्या वन कायद्याने गावांच्या वहिवाटीतील रानांवर सरकारचा अंमल बसविला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात गावची गायराने आणि डोंगर वनखात्याच्या ताब्यात गेल्याने शेतकऱ्यांच्या जनावरांची कशी उपासमार झाली, याची कठोर शब्दांत चिकित्सा केली आहे. १९२७ च्या कायद्याने तीच चौकट अधिक घट्ट केली. त्याविरुद्धच्या असंतोषाचा उद्रेक कर्नाळ्यापासून फार दूर नसलेल्या चिरनेर येथे झाला. २५ सप्टेंबर १९३० रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील आगरी, कातकरी व अन्य समाजांतील गावकऱ्यांनी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह केला आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रहींना हौतात्म्य आले. आज दरवर्षी तेथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. परंतु ज्या रानाच्या वहिवाटीसाठी तो लढा झाला, त्या वहिवाटीचे पुढे काय झाले, याची चर्चा अभावानेच होते.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्याने राष्ट्रीय उद्यानात चराईस संपूर्ण मनाई केली आहे. अभयारण्यात मात्र सरसकट बंदी नाही. मुख्य वन्यजीव रक्षकाने वन्यजीवांचे हित पाहून चराईचे नियमन करावे, ती नियंत्रित करावी वा आवश्यक तेथे बंद करावी, अशी ही तरतूद आहे. कलम ३३-अ नुसार अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या परिघात असलेल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस टोचण्याची व्यवस्था करणे ही मुख्य वन्यजीव रक्षकाची जबाबदारी आहे. म्हणजेच परिघात गुरे असणार, हे कायद्याने गृहीत धरले होते. फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित क्षेत्रांतून वाळलेली झाडे आणि गवत काढण्यास मनाई करणारा आदेश दिला आणि त्यानंतर अंमलबजावणीचा रोख नियमनाकडून बंदीकडे वळला. कायद्यात असलेली सवड व्यवहारात आक्रसत गेली, ती अशी.

चरणारी जनावरे, चारणारी माणसे

'गुराखी' या एका शब्दात अनेक वेगवेगळ्या जीवनपद्धती सामावलेल्या आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर राहणारा गवळी धनगर म्हशी पाळतो, दूध-तुपावर जगतो. देशावरील कोरड्या भागातील धनगर मेंढ्या पाळतो. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९७० व ८० च्या दशकांत धनगर समाजाच्या विविध पोटजातींचा अभ्यास केला, तेव्हा पाऊसमान आणि भूप्रदेश यांनुसार त्यांनी आपापली क्षेत्रे आणि जनावरे वाटून घेतल्याचे दिसून आले. जादा पावसाच्या डोंगरात म्हैस, कमी पावसाच्या पठारावर मेंढी, अशी ती विभागणी होती. साधनांवरून एकमेकांशी भांडण होऊ नये आणि रानावर एकाच वेळी ताण पडू नये, याची ती सामाजिक तजवीज होती.

पावसाळा सरला की नगर आणि पुणे जिल्ह्यांतील मेंढपाळ घाट उतरून कोकणात येतात. पारनेर तालुक्यातील धवळपुरीसारखी गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. घोड्यांवर बिऱ्हाड, सोबत कुत्री आणि शेकडो मेंढ्या असा हा वाडा भात काढून झालेल्या खाचरांतून हिंडतो. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य वा पैसे देतात. पावसाची चाहूल लागताच वाडा पुन्हा घाट चढतो. या चक्रात कोणत्याही एका रानावर बारमाही भार पडत नाही, हे त्याचे मर्म आहे. मात्र ज्या वाटांनी हे वाडे येत-जात असत, त्या आज द्रुतगती मार्ग, रेल्वे आणि कुंपणबंद प्रकल्पांनी ठिकठिकाणी तोडलेल्या आहेत.

स्थानिक ठाकूर आणि कातकरी कुटुंबांकडे मोठे कळप नाहीत. दोन-चार गुरे आणि काही शेळ्या एवढेच त्यांचे पशुधन. भात आणि नाचणीच्या शेतीला जोड म्हणून ते असते. आजारपण, लग्न वा मुलांचे शिक्षण अशा प्रसंगी विकावयाची शेळी हीच त्यांची बँक. एका बिबट्याने एका रात्रीत दोन शेळ्या नेल्या, तर त्या घराची वर्षभराची शिल्लक संपते. वन्यजीवांच्या सहअस्तित्वाची किंमत शहरातील पर्यटक मोजत नाही. ती या वाड्यांवर मोजली जाते.

बंदीचे अनपेक्षित परिणाम

चराई थांबविली म्हणजे वन्यजीव आपोआप फोफावतात, हा समज सर्वत्र खरा ठरलेला नाही. यासंदर्भात राजस्थानातील भरतपूरचे उदाहरण बोलके आहे. केवलादेव पक्षी अभयारण्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर १९८२ मध्ये तेथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. त्यातून झालेल्या संघर्षात पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही ग्रामस्थांचा बळी गेला. ही बंदी यावी, असे मत असलेल्यांत डॉ. सलीम अली यांच्यासारखे थोर पक्षीतज्ज्ञही होते. परंतु त्याच दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. म्हशी नाहीशा झाल्यावर पाणथळीत गवत इतके माजले की उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांना खाद्य मिळविणे अवघड झाले. अखेर गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली. आधी वाटलेल्या निष्कर्षाविरुद्ध गेलेला अभ्यास त्याच संस्थेने प्रामाणिकपणे मांडला, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

गुजरातेतील गीरचा अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. १९७० च्या दशकापासून तेथील मालधारी कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे जंगलाबाहेर हलविण्यात आली. जंगलातील हरणे वाढली, सिंहही वाढले. मात्र त्यांनी पुढे जंगलाची हद्द मानली नाही. मे २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह आढळले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक संरक्षित क्षेत्राबाहेर होते. म्हणजे माणसाला आतून बाहेर काढल्यानंतर सिंहच त्याच्यामागे बाहेर आले. तेथे ते आजही शेतकऱ्यांच्या आणि पशुपालकांच्या सहनशीलतेवर टिकून आहेत.

अर्थात भरतपूर ही पाणथळ जागा आहे, गीर कोरडे पानगळीचे रान आहे आणि कर्नाळा हे कोकणातील दमट जंगल. एकाचा उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू करणे शास्त्रीय ठरणार नाही. कर्नाळ्याच्या गाभ्यात गुरे सोडावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. मुद्दा एवढाच की, निर्णय जागेवरच्या अभ्यासावर बेतावा. सरसकट बंदीची सवय लागू नये.

बिबट्याचे गणित

बिबट्या हा या चर्चेतील सर्वाधिक भावनिक विषय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि संतप्त गावकऱ्यांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अशा वेळी बिबटे पकडून दूर नेऊन सोडा, ही मागणी स्वाभाविकपणे पुढे येते. मात्र हा प्रयोग जुन्नर परिसरात दोन दशकांपूर्वीच होऊन गेला आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोठ्या प्रमाणावर पकडून स्थलांतरित करण्याचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी तेथे माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. कार्यक्रमाच्या काळात ती १७ वर गेली. अपरिचित जागी सोडलेली, बिथरलेली जनावरे अधिक धोकादायक ठरतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेले कामही पशुपालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जेथे जंगल असे नाहीच, अशा उसाच्या आणि वस्तीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे वावरत असल्याचे कॅमेऱ्यांच्या साहाय्याने आढळले. तेथील बिबट्यांच्या आहारात पाळीव व भटक्या प्राण्यांचा वाटा ८७ टक्के भरला. त्यातही कुत्र्यांचा वाटा सर्वाधिक, ३९ टक्के होता. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या जवळपास सातपट असूनही शेळ्यांचा वाटा मात्र ११ टक्केच होता. याचे कारण साधे आहे. शेळी दिवसा राखणीला असते आणि रात्री बंद गोठ्यात असते. कुत्रा मोकळा असतो. राखण करणारा माणूस आणि मजबूत गोठा, या दोन गोष्टी बिबट्यापासून पशुधन वाचवितात, असे हे आकडे सांगतात. पनवेल परिसरात उघड्या कचऱ्यावर आणि हॉटेलांच्या उष्ट्यावर वाढणारी भटकी कुत्री ही महामार्गाच्या कडेने बिबट्याला दिलेली मेजवानीच आहे. तिचा दोष गुराख्यांवर टाकता येणार नाही.

आदिवासींच्या परंपरेत या नात्याची जाण पूर्वीपासून आहे. वारली, ठाकूर, महादेव कोळी या समाजांत वाघदेवाची, वाघोबाची पूजा होते. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगरातील वाघोबाच्या ठाण्यांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानेही सहअस्तित्वातील या श्रद्धेचे महत्त्व अधोरेखित केले. अकोले परिसरात अश्विन वद्य द्वादशीला गुराखी वाघबारस साजरी करतात. उर्वरित महाराष्ट्रात त्याच दिवशी वसुबारस असते. एकाच तिथीला गाईची आणि वाघाचीही आठवण ठेवणारी ही संस्कृती आहे. अर्थात श्रद्धेवर विसंबून नुकसानीचा प्रश्न सुटत नाही. श्रद्धेमुळे सहनशीलता वाढते. रिकाम्या गोठ्याची भरपाई ती करू शकत नाही.

मेलेल्या गुरांवर जगणारे पक्षी

पशुपालन आणि वन्यजीव यांचा सर्वांत थेट धागा गिधाडांमध्ये दिसतो. रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धन परिसर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी ओळखला जातो. हा पक्षी शिकार करीत नाही. तो मेलेल्या गुरांवर जगतो. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाल्यावर २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांच्याही पशुवापरावर बंदी घालण्यात आली.

गिधाडे गेली तशी उघड्यावरची मृत जनावरे कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीजचा धोका वाढला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात पाच वर्षांत सुमारे ५ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. रानातील एका पक्ष्याचा ऱ्हास गोठ्यातील औषधामुळे होतो आणि त्याचे परिणाम शहरातील दवाखान्यापर्यंत पोहोचतात, ही साखळी ध्यानात घेतली तर पशुपालकांना संवर्धनाच्या कामातून वगळणे किती अव्यवहार्य आहे, हे स्पष्ट होते. गिधाडांसाठी सुरक्षित औषध वापरायचे की नाही, हे अखेर गुरांचा मालक आणि त्याचा पशुवैद्यच ठरवितो.

गुराख्यांचीही जबाबदारी

नाण्याची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. अनिर्बंध चराईने रोपांची वाढ खुंटते, जमीन तुडवली जाते आणि रानमोडी, घाणेरी यांसारख्या गुरे न खाणाऱ्या वनस्पतींना मोकळे रान मिळते. नवे कोवळे गवत उगवावे म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेले वणवे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी संहारक ठरतात. अर्थात सगळेच वणवे गुराखी लावत नाहीत. शिकारी, पर्यटकांचा निष्काळजीपणा आणि जमीन मोकळी करण्याचा हेतू, हीदेखील कारणे असतात. तथापि वाडीने ठरविले तर वणवा लागू न देणे आणि लागलेला लवकर विझविणे, दोन्ही शक्य आहे.

रोगांचा प्रश्नही गंभीर आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह अल्पावधीत दगावले. कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर विषाणूचा त्यात मोठा हात होता. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातील गोधनाला तडाखा दिला. लसीकरणाची पाच किलोमीटरची कायदेशीर तरतूद केवळ कागदावर राहिली, तर पशुपालक आणि वन्यजीव या दोघांनाही तिची किंमत मोजावी लागते.

खरा दबाव जमिनीचा

एवढे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. पनवेल परिसरातील रान घटण्यास जबाबदार कोण? गेल्या काही दशकांतील घडामोडींवर नजर टाकली, तर त्याचे उत्तर गुरांच्या खुरांत सापडत नाही. २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र, म्हणजेच 'नैना', जाहीर झाले आणि सुरुवातीला २७० गावे सिडकोच्या नियोजनाखाली आली. २०१६ मध्ये पनवेल महापालिका अस्तित्वात आली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तेथून विमाने उडू लागली. विरार-अलिबाग मार्गिकेसारखे प्रकल्पही याच पट्ट्यातून आखलेले आहेत. कर्नाळा अभयारण्याच्या मधूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि त्यावरील वाहनांची संख्या वाढतीच आहे.

कोकणात वरकस जमीन नावाचा एक प्रकार आहे. भातखाचरांच्या वरची, उतारावरची ही जमीन; कधी नाचणी-वरी, कधी केवळ गवत, असा तिचा वापर असे. एके काळी मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरविण्यात या पट्ट्याचा वाटा होता. महसुली नोंदींत ती हलक्या प्रतीची गणली गेल्याने स्वस्तात विकली गेली आणि तिच्यावर फार्महाऊस व बंगल्यांचे प्रकल्प उभे राहिले. गायरानांचेही तसेच. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार गावाच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवता येते. २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश राज्यांना दिले. तरीही शहरालगतचे गायरान म्हणजे सरकारी प्रकल्पांसाठी हाताशी असलेली मोकळी जमीन, ही दृष्टी बदललेली नाही. वरकस आणि गायरान दोन्ही गेल्यावर गुरे उरलेल्या वनजमिनीकडे वळतात आणि मग अभयारण्यावर चराईचा भार वाढल्याची ओरड सुरू होते. कारण एकीकडे आणि ठपका दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

शिवाय चराऊ जमीन ही वन्यजीवांचीही जमीन असते. कर्नाळा, माथेरान आणि पेणच्या डोंगरांना जोडणारे उतार मोकळे आहेत, तोवर भेकर आणि बिबटे एका रानातून दुसऱ्यात जाऊ शकतात. गुरे हिंडू शकतात अशा जमिनीवरून रानातील जनावरही जाते. भिंत घातलेल्या गृहसंकुलातून दोघांनाही वाट मिळत नाही. २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला, त्याचा उद्देश हाच होता. केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा क्षेत्रांत खाणी व प्रदूषणकारी उद्योगांना मनाई आहे. स्थानिकांच्या चालू शेतीला मात्र मुभा आहे. संवेदनशील क्षेत्र म्हणजे गावकऱ्यांवरील निर्बंध, असा प्रचार करणाऱ्यांनी हा तपशील सोयीस्करपणे बाजूला ठेवलेला दिसतो.

हक्क आहेत, पण पुरावा कोठून आणायचा?

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. एका जागी राहणाऱ्यांचाच नव्हे, तर भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचाही त्यात समावेश आहे. मात्र अनुसूचित जमातींखेरीज इतरांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ठाकूर आणि कातकरी अनुसूचित जमातींत मोडतात. महाराष्ट्रातील धनगर समाज भटक्या जमातींच्या 'क' प्रवर्गात असल्याने त्याला ही अट लागू होते. ज्यांचे जगणेच फिरतीचे, त्यांच्याकडे एका गावच्या दप्तरात पाऊणशे वर्षांच्या नोंदी कशा असणार? कायद्याने दिलेला हक्क पुराव्याच्या अटीत अडकतो, तो येथे.

त्यातच रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नसल्याने पेसा कायद्याचे संरक्षण येथील वाड्यांना नाही. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मात्र एक दार किलकिले झाले आहे. वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार करावा, अशी तरतूद तीत आहे. कर्नाळ्याच्या बाबतीत तिचा प्रामाणिक वापर झाल्यास चराईचे ठिकाण, हंगाम आणि संख्या यांवर समोरासमोर चर्चा होऊ शकेल.

भरपाईबाबतही कायदेशीर चौकट उपलब्ध आहे. २०२३ मध्ये विधिमंडळाने वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला आणि विलंब झाल्यास व्याज देण्याची तरतूद केली. परंतु भरपाई मिळण्यासाठी आधी पंचनामा हवा, पंचनाम्यासाठी वेळेत खबर हवी आणि मृत जनावर जागेवर हवे. डोंगरातील वाडीवरून वनकार्यालयापर्यंत पोहोचण्यात एक दिवस मोडतो. फिरत्या मेंढपाळाचा वाडा तर तोवर पुढच्या गावी गेलेला असतो. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात किब्बर गावाने हिमबिबट्याच्या रानात काही कुरण चराईमुक्त ठेवले आणि त्याबरोबरच गावपातळीवर पशुविमा योजना चालविली. नुकसानीची शहानिशा गावकरीच करतात. अशी व्यवस्था रायगडमधील वाड्यांवर का होऊ नये?

काय करता येईल?

उपाय अवघड नाहीत, मात्र ते एकत्रितपणे योजावे लागतील. पहिली गरज नोंदीची. कर्नाळा, माथेरान आणि पेणच्या डोंगरांदरम्यान कोणत्या वाडीची किती गुरे कोणत्या हंगामात कोठे चरतात आणि मेंढपाळांचे वाडे कोणत्या वाटेने येतात, याचा नकाशा वन, महसूल व पशुसंवर्धन विभागांनी ग्रामसभांसह तयार करावा. दुसरी गरज, उरलेली गायराने आणि वरकस जमिनींचे सलग पट्टे 'नैना'च्या आराखड्यात चराऊ व वन्यजीव मार्ग म्हणून राखण्याची. तिसरी, पाच किलोमीटरच्या परिघात दरवर्षी गुरांचे आणि कुत्र्यांचे लसीकरण, तसेच गिधाडांना घातक नसलेल्या औषधांचा पुरवठा. चौथी, वाड्यांवर बंदिस्त गोठ्यांसाठी अनुदान आणि जागेवर पंचनामा करण्याचे अधिकार असलेले स्थानिक पथक. पाचवी, कचऱ्याची विल्हेवाट. कारण भटकी कुत्री कमी झाल्याखेरीज वस्तीकडे येणारा बिबट्या थांबणार नाही.

यापैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. वन्यजीव कायदा, वनहक्क कायदा आणि महसूल संहिता यांतील विद्यमान तरतुदी पुरेशा आहेत. लागते ती तीन विभागांनी एका टेबलाशी बसण्याची तयारी आणि वाडीवरच्या माणसाला त्या टेबलाशी जागा देण्याची इच्छा.

पनवेलचा विस्तार थांबणार नाही, हे वास्तव आहे. या विस्तारात गुराख्यांची पुढची पिढी बांधकामांवर वा गोदामांत रोजंदारीला जाईल आणि गुरे विकली जातील, ही शक्यताही मोठी आहे. तसे झाले तर चराईचा प्रश्न सुटला म्हणून कोणी सुस्कारा सोडू नये. गुराखी गेला की चराऊ जमिनीला वाली उरत नाही. वणवा लागल्याची पहिली खबर देणारा, फासे लावणाऱ्या शिकाऱ्याला ओळखणारा आणि डोंगरावर नवे कुंपण पडले तर जाब विचारणारा माणूसही त्याच्याबरोबर जातो. त्यानंतर उरलेल्या बारा चौरस किलोमीटरभोवती उंच भिंत बांधता येईल. पण त्या भिंतीआड राहिलेले रान अभयारण्य असेल की केवळ शहरातील एक मोठी बाग, याचा विचार आजच करावा लागेल.